ऑपरेशन झाले, तरी अंधुक का दिसते?

पडद्यावर रक्त उतरल्यानंतर नजर परत येण्याची वाट



डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की आपल्या मनात मोतीबिंदूच येतो. आज ऑपरेशन, उद्या पट्टी सुटली आणि म्हातारीने नातवाचे तोंड ओळखले, असे गावोगावच्या शिबिरांतून आपण पाहिलेले आहे. त्या शिबिरांचे उपकार मोठे आहेत. पण त्यातूनच एक गैरसमजही रुजला आहे. डोळ्याचे प्रत्येक ऑपरेशन असेच असते आणि पट्टी सुटल्याबरोबर लख्ख दिसलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरल्यामुळे ज्याचे ऑपरेशन होते, त्याची पट्टी सुटते तेव्हा समोर बहुधा धुकेच असते. घरचे हिरमुसतात. शेजारी म्हणतात, "पैसा गेला अन् डोळाही गेला." मग औषधाचे थेंब बंद होतात, तपासणीची तारीख टळते, आणि जो डोळा दोन-तीन महिन्यांत उजळला असता तो खरोखरच हातचा जातो. हे नुकसान टाळावे म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही. शेतीचा पदवीधर आणि विस्तार खात्याचा माणूस. पण धारणी भागात सोयाबीन, मका आणि हरभऱ्याच्या शिवारात फिरताना लोक हल्ली खताच्या मात्रेबरोबर साखरेच्या गोळीबद्दलही विचारतात. मधुमेह आणि रक्तदाब आता फक्त शहरातले राहिलेले नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. त्यातील कित्येकांचे डोळे आज चांगले दिसत असतील. आत काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नसेल.

डोळ्याच्या आत काय असते?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला बुबुळ, त्यामागे भिंग. या भिंगाला गढूळपणा आला की तो मोतीबिंदू. भिंगाच्या मागची सगळी पोकळी अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारख्या पारदर्शक, घट्टसर द्रवाने भरलेली असते. त्याला आपण काचद्रव म्हणू. तो जेमतेम चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभरही नसतो. सर्वांत मागे भिंतीला लेप दिल्यासारखा पातळ पडदा असतो, तोच दृष्टिपटल. समोरचे चित्र या पडद्यावर उमटते आणि नसेवाटे मेंदूकडे जाते. पडद्याच्या मध्यभागी एक लहानसा ठिपका असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही बारीक कामे तो ठिपका करतो.

पडद्यावरची एखादी रक्तवाहिनी फुटली की रक्त काचद्रवात उतरते. स्वच्छ पाण्याच्या ग्लासात दोन थेंब शाई पडावी तसे होते. रक्त थोडेच असते, पण पलीकडचे दिसेनासे होते. काचद्रव विहिरीच्या पाण्यासारखा वाहता किंवा उपसता नसल्यामुळे ते रक्त निवळायला आठवडे आणि कधी महिने लागतात.

रक्त उतरते कशामुळे?

सर्वांत मोठे कारण मधुमेह. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक वाहिन्या खराब होतात, काही बंद पडतात. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचू नये तसे पडद्याच्या काही भागाला रक्त मिळत नाही. तो उपाशी भाग नव्या वाहिन्या मागतो. नव्या वाहिन्या फुटतातही, पण त्या कमजोर असतात. जोर पडला की तुटतात, आणि कधी झोपेतसुद्धा तुटतात.

दुसरे कारण वाढलेला रक्तदाब. त्यामुळे पडद्याची एखादी शीर तुंबते आणि पुढे तिथेही अशाच कमजोर वाहिन्या येतात. तिसरे कारण मार. गोफणीचा किंवा गलोलीचा दगड, बैलाचे शिंग, मळणीयंत्रातून उडालेला तुकडा आणि दिवाळीचे फटाके यांनी दरवर्षी डोळे जखमी होतात. चौथे, पडद्याला भोक किंवा चीर पडणे. फार जाड उणे नंबरचा चष्मा असणाऱ्यांना हा धोका जास्त.

आपल्या भागासाठी आणखी दोन कारणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एक सिकलसेल. विदर्भातील अनेक समाजांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, तशाच पडद्याच्या वाहिन्यांतही अडकतात, आणि तरुण वयात डोळ्यात रक्त उतरू शकते. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्या तपासणीत ज्यांना हा आजार निघाला त्यांनी डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना सिकलसेलचे कार्ड आवर्जून दाखवावे. डोळ्याचा दाब कमी करणारी काही औषधे अशा रोग्यांना जपून द्यावी लागतात.

दुसरे कारण ईल्सचा आजार. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे डॉक्टर हेन्री ईल्स यांनी १८८० साली त्याचे वर्णन केले. वीस ते चाळीस वयाचा धडधाकट तरुण, साखर नाही, दाब नाही, आणि एक दिवस डोळ्यापुढे अंधारी येते. पडद्याच्या शिरांना सूज येऊन हे होते. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो. क्षयरोगाच्या जंतूंशी त्याचा संबंध असावा असे बरेच तज्ज्ञ मानतात, म्हणून छातीची तपासणीही करतात. तेव्हा "तरुण पोराला काय होते" असे म्हणून बसू नये.

दुखत नाही, म्हणूनच फसगत

पडद्याला वेदना कळत नाही. काटा रुतला तर आपण रात्रीच धावतो, पण पडद्यावर रक्त उतरले तर डोळा लालही होत नाही आणि ठणकतही नाही. डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात, कोळ्याचे जाळे हलल्यासारखे वाटते, धूर भरल्यासारखा दिसतो किंवा लालसर पडदा उतरतो. रक्त जास्त असेल तर दिवस आहे की रात्र एवढेच कळते.

आमच्या भागातील एका शेतकऱ्याचे असेच झाले. वय बावन्न, साखर आठ वर्षांची, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. हरभरा काढणीच्या दिवसांत मला म्हणाले, "साहेब, डोयापुढं जायं आल्यावानी दिसून रायलं. हातानं बाजूले केलं तरी जात नाई." कुसळ गेले असेल म्हणून घरच्यांनी डोळ्यात मध घातला. कोणी पाल्याचा रस सुचवला. तीन आठवड्यांनी उजवा डोळा पुरता अंधारला, तेव्हा "मोतीबिंदू पिकला, आता शिबिराची वाट पाहू" असे ठरले. शिबिरातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून सांगितले, "मोतीबिंदू नाही. मागे रक्त आहे. थांबू नका." मग नागपूर.

नागपूरला डोळ्याची सोनोग्राफी झाली. रक्तामुळे आतले दिसत नसले तरी या तपासणीने पडदा जागेवर आहे की सुटला आहे ते कळते. पडदा जागेवर होता. डाव्या डोळ्यातही कमजोर वाहिन्या सापडल्या. त्या डोळ्याने त्यांना चांगले दिसत होते आणि कसलीही तक्रार नव्हती. त्याला आधी लेसर केले आणि मग उजव्याचे ऑपरेशन.

हे ऑपरेशन आले कुठून?

पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी काचद्रवात साचलेले रक्त न निवळले तर डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. काचद्रव ओढला तर पडदाच फाटेल अशी भीती होती. रॉबर्ट मॅकेमर हे जर्मनीतून अमेरिकेत मायामी येथे गेलेले नेत्रतज्ज्ञ. काचद्रव न ओढता आतल्या आत बारीक कापून शोषून घेता येईल का, याचा त्यांनी विचार केला. पहिले प्रयोग त्यांनी कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर केले, कारण तो काचद्रवासारखाच चिकट असतो. १९७० साली त्यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक अवजार आत घालून रोग्यावर पहिले ऑपरेशन केले. ते मधुमेहामुळे रक्त साचलेल्या डोळ्याचेच होते.

आज या ऑपरेशनात बुबुळाच्या कडेबाहेर, पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रे पाडतात. एकातून खारे पाणी आत जाते, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून कापणारे आणि शोषणारे अवजार. अवजाराची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. रक्त मिसळलेला काचद्रव काढून त्याजागी स्वच्छ द्रव भरतात आणि कमजोर वाहिन्यांच्या भागाला तिथेच लेसर देतात. बहुतेक वेळा डोळ्यापुरती भूल पुरते. टाके नेहमीच लागतात असे नाही.

लेसरची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १९४५ सालच्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला. जर्मनीतील डॉ. गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी तो डाग पाहिला. उजेडाने पडदा भाजतो, तर मोजून-मापून दिलेल्या उजेडाने रोगट भाग बंदही करता येईल, असे त्यांच्या मनात आले. सुरुवातीला त्यांनी सूर्यप्रकाशच वापरला. पुढे त्या मार्गाने लेसर आला.

लेसर म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत विरळणी. पाणी कमी असले की आपण काही रोपे उपटतो, म्हणजे उरलेली जगतात. तसे पडद्याच्या कडेचे काही ठिपके भाजून मधला मोलाचा भाग वाचवतात. लेसरने गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकते. रात्रीचे किंवा कडेचे थोडे कमी दिसू शकते. पण १९७६ साली अमेरिकेतील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात धोक्याच्या अवस्थेतील डोळ्यांना लेसर दिल्यास फार मोठी दृष्टिहानी होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते असे दिसले. त्यामुळे या किमतीत हा सौदा महाग नाही.

नजर कधी येते?

आपल्या शेतकऱ्याची पट्टी सुटली तेव्हा बोटे मोजण्याएवढेच दिसले. घरी आल्यावर आठ दिवसांनीही तेच. मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साहेब, इतक्या लांब नेलं, पैसा लावला, अन् यायले तं तोंडबी दिसत नाई. ऑपरेशन वायाच गेलं म्हना." मी विचारले, "वहिनी, विहिरीचा गाळ काढला की त्याच दिवशी पाणी निवळते का?" त्या हसल्या, पण थेंब चालू राहिले आणि तारखेला दोघे नागपूरला गेले. डॉक्टरांनी सांगितले, कडेला उरलेले थोडे रक्त विरघळत आहे, पडदा जागेवर आहे. सहाव्या आठवड्यात त्यांनी अंगणातली म्हैस ओळखली. तिसऱ्या महिन्यात नवा चष्मा लागला आणि बियाण्याच्या पिशवीवरचा ठळक मजकूर वाचता आला. बारीक अक्षरे आजही उजव्या डोळ्याने वाचता येत नाहीत, ओळी थोड्या वाकड्या दिसतात. मधला ठिपका आधीच थोडा सुजलेला होता, त्याची ती खूण.

यात या लेखाचे सारे आले. रक्त काढणे डॉक्टरांच्या हातात असते. नजर मात्र किती येणार हे रक्ताखालचा पडदा किती जिवंत आहे यावर ठरते. रक्त हटल्यावर खाली पीक उभे असेल तर ते दिसेल, वाळलेले असेल तर वाळलेले दिसेल.

त्याचा ढोबळ हिशेब असा. नुसते रक्त साचले होते आणि पडदा चांगला होता, तर काही दिवसांपासून काही आठवड्यांत चांगला फरक पडतो. ईल्सच्या आजारातील पुष्कळ तरुणांना म्हणूनच समाधानकारक दिसू लागते. मधला ठिपका सुजलेला असेल तर सुधारणा हळू आणि अर्धवट होते, सहा महिने लागू शकतात, सोबत डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतात. पडदा सुटून बरेच दिवस झाले असतील, किंवा मधल्या ठिपक्याचा रक्तपुरवठाच बंद झाला असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही वाचण्यापुरती नजर येत नाही. मात्र चालण्या-फिरण्यापुरती नजर राहिली तरी तिचे मोल घरात दुसऱ्याच्या हाताला धरून बसलेल्या माणसाला विचारा.

थांबण्याची किंमत काय असते, तेही पाहू. अमेरिकेत डोळ्यात फार रक्त साचलेल्या ६१६ मधुमेही डोळ्यांची पाहणी झाली, तिचे निकाल १९८५ साली प्रसिद्ध झाले. काही डोळ्यांचे ऑपरेशन लवकर केले, काहींसाठी सुमारे वर्षभर वाट पाहिली. दोन वर्षांनी लवकर केलेल्यांपैकी शंभरात २५ डोळ्यांना चांगल्यापैकी नजर आली. थांबलेल्यांत हे प्रमाण शंभरात १५ होते. तरुणपणीच मधुमेह जडलेल्यांना लवकर ऑपरेशनचा फायदा विशेष झाला. त्यानंतर साधने पुष्कळ सुधारली, म्हणून आता वर्षभर थांबवत नाहीत.

हल्ली काही रोग्यांना ऑपरेशनऐवजी डोळ्यात इंजेक्शन देऊन रक्त निवळण्याची वाट पाहतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २०५ रोग्यांच्या तुलनेत, ऑपरेशन केलेल्यांना चार आठवड्यांनी अधिक चांगले दिसत होते, पण सहा महिन्यांच्या सरासरीत दोन्ही गटांत ठळक फरक राहिला नाही. इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करावेच लागले. म्हणून शेजाऱ्याला इंजेक्शन दिले आणि मला ऑपरेशन का, असा वाद घालू नये. पडदा सुटला असेल तर इंजेक्शनवर थांबता येत नाही. आणि इंजेक्शनच्या वाटेने जायचे तर प्रत्येक तारखेला जाणे भाग आहे.

गॅस, तेल आणि मेळघाटचा घाट

पडद्याला चीर असेल किंवा तो सुटलेला असेल, तर ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात गॅसचा बुडबुडा किंवा सिलिकॉन तेल भरतात. नव्याने लिंपलेली भिंत सुकेपर्यंत टेकू द्यावा तसा तो टेकू. बुडबुडा वर जातो, म्हणून पडद्याच्या ज्या जागेवर तो टेकायला हवा त्याप्रमाणे मान खाली घालून किंवा एका कुशीवर राहायला सांगतात. हे कंटाळवाणे असते, पण अर्धे यश त्यातच आहे.

गॅस असताना पहिल्या दिवसांत जवळजवळ काही दिसत नाही. पुढे वरच्या बाजूने उजळू लागते आणि मध्ये पाण्याच्या पातळीसारखी हलती रेष दिसते. ती रेष दिवसेंदिवस खाली सरकते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरते तसा बुडबुडा लहान होत जातो. गॅसच्या प्रकाराप्रमाणे याला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तेल मात्र आपोआप जात नाही, ते बहुधा काही महिन्यांनी दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने काढावे लागते. हे आधी माहीत नसले तर लोकांना वाटते की पहिले बिघडले म्हणून दुसरे करतात.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. उंचावर गेले की हवेचा दाब कमी होतो आणि डोळ्यातला गॅस फुगतो. त्यामुळे डोळ्याचा दाब वाढून नजर जाऊ शकते. म्हणून गॅस असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. आपण विमानाने जात नाही, पण अमरावती-परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला येताना सातपुड्याचा घाट चढून उतरावा लागतो, आणि चिखलदरा तर हजार मीटरहून उंच आहे. सपाट मुलखातल्या डॉक्टरांच्या हे लक्षात येईलच असे नाही. म्हणून डोळ्यात गॅस भरला असेल तर सुटी घेताना आपणच सांगावे, "आमचे गाव घाटापलीकडे आहे. केव्हा जावे?" गरज पडली तर चार दिवस नातेवाइकाकडे राहावे. तसेच गॅस असताना दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनसाठी पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांना गॅसबद्दल आधी सांगावे.

घरी आल्यावर

थेंब टाकण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. बाटलीचे टोक पापणीला लावू नये. दोन औषधे असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटे सोडावीत. वाचता न येणाऱ्याने एका बाटलीला लाल आणि दुसरीला हिरवा दोरा बांधावा. डोळा चोळू नये. मध, दूध, गुलाबपाणी, पाल्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नये. भुमका-पडियाराकडे जाऊन मनाला धीर मिळत असेल तर जावे, पण डोळ्यात जाणारे औषध डॉक्टरांचेच असावे.

पोते उचलणे, मोटेसारखे ओढण्याचे काम, मळणीची धूळ, चुलीचा धूर आणि फवारणी यांपासून डॉक्टर सांगतील तितके आठवडे दूर राहावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, हृदयाचे दुखणे उलटेल.

एका डोळ्याने कमी दिसत असले की अंतराचा अंदाज चुकतो. विहिरीचा काठ, धुऱ्याची उतरण, कडबा कापण्याचे यंत्र, विळा आणि ट्रॅक्टरच्या मागचा दांडा इथे अपघात होतात. पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा. घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधावी. भरधाव रस्त्यावर मोटारसायकल चालवण्याची घाई करू नये.

पुढील खुणा दिसल्या तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे :

• दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, डोळा लाल होणे, पू येणे

• थोडे दिसू लागलेले अचानक पुन्हा अंधारणे

• विजा चमकल्यासारखे दिसणे, किंवा एका कडेने काळा पडदा सरकत येणे

• डोकेदुखी आणि उलटीसह डोळा ठणकणे

एक गोष्ट घाबरण्यासारखी नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला या ऑपरेशननंतर एक-दोन वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू येणे नेहमीचे आहे. नजर पुन्हा हळूहळू मंदावली तर जुनेच दुखणे उलटले असे समजून खचू नये. तपासून घ्यावे, तो साध्या ऑपरेशनने निघतो. आणि अनेक जण विचारतात, "नेत्रदानातला पडदा बसवता येतो का?" नेत्रदानातून बुबुळाचा पारदर्शक भाग बसवतात. आतला पडदा बदलता येत नाही. जो आहे तोच जपायचा.

दुसरा डोळा

एका डोळ्यात रक्त आले की घरातले सगळे लक्ष त्याच डोळ्याकडे लागते. खरे तर त्या दिवशी सर्वांत जास्त वाचवण्यासारखा दुसरा डोळा असतो. साखर दोन्ही डोळ्यांत सारखीच फिरते. आपल्या शेतकऱ्याचा डावा डोळा आज उत्तम दिसतो तो वेळेवर झालेल्या लेसरमुळे. हिशेबाची वही तो त्याच डोळ्याने लिहितो.

ज्याला मधुमेह आहे त्याने तो कळला त्याच वर्षी आणि त्यानंतर दरवर्षी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढणे ही पडद्याची तपासणी नव्हे. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत माणूस न्यावा. मधुमेही बाईला दिवस गेले तर लवकरात लवकर तपासणी करावी, गरोदरपणात पडद्याचा आजार भराभर वाढू शकतो. ब्रिटनमध्ये वीस वर्षे चाललेल्या मोठ्या पाहणीने १९९८ साली दाखवून दिले की साखर आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात ठेवले तर डोळ्याचा बिघाड कमी होतो. ऑपरेशन कितीही चांगले झाले तरी साखर मोकाट राहिली तर पुन्हा रक्त उतरू शकते.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर ठरावीक अंतरावर उभे राहावे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने तारखा वाचाव्यात, मग उलट. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही.

जावे कुठे, खर्चाचे काय?

धारणीजवळ उतावली येथे महान ट्रस्टचे महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे. डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या पत्नी, नेत्रशल्यचिकित्सक डॉ. कविता सातव यांनी मेळघाटच्या लोकांसाठी आपले आयुष्य इथे घातले आहे. डोळ्यात काही बिघाड वाटला तर अशा जवळच्या ठिकाणी किंवा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे. पडद्याचे ऑपरेशन मात्र त्याच विषयाच्या तज्ज्ञाकडे, मोठ्या शहरातच होते. आपल्याला अमरावती सुमारे दीडशे आणि नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर पडते. एका फेरीत दोन दिवस जातात. म्हणून निघतानाच रेशनकार्ड, आधार, साखरेचे आणि दाबाचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता. योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्यापूर्वी त्याला विचारावे की आपले ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसते का. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. आणि खर्चाचा अंदाज करताना फेरतपासणीच्या तीन-चार फेऱ्यांचे भाडेही धरावे. पुष्कळ डोळे ऑपरेशनच्या खर्चाने नव्हे, तर त्यानंतरच्या एस.टी.च्या भाड्याने अडले आहेत.

बंधू-भगिनींनो, पेरणी झाल्यावर आपण दुसऱ्या दिवशी माती उकरून बी पाहत नाही. पण त्याचबरोबर शेत सोडून निघूनही जात नाही. पाणी, निंदण, राखण चालूच ठेवतो. पडद्याच्या ऑपरेशननंतर नजरेची राखण तशीच करायची असते. डोळ्यापुढे अचानक जाळे आले तर आठवड्याचा उशीर करू नका. ऑपरेशननंतर अंधुक दिसले तर तीन महिन्यांच्या आत निराश होऊ नका, आणि तपासणीची एकही तारीख चुकवू नका. ज्या घरात साखरेची गोळी आहे, त्या घराने पुढच्या बाजाराच्या दिवशी दिनदर्शिकेसमोर एक-एक डोळा झाकून पाहावा.